हळहळ नेमकी कशासाठी?

अमेरिकन टेलिव्हिजनवरच्या जुन्या गेम शोंबद्दल एक दावा गेली काही वर्षं मोठ्या ठामपणे केला जातो. 'व्हॉट्स माय लाइन?', 'आय हॅव गॉट अ सीक्रेट', 'टू टेल द ट्रुथ', 'पासवर्ड', 'मॅच गेम', 'हॉलिवूड स्क्वेअर्स' या कार्यक्रमांत नामवंत मंडळी पॅनेलवर बसायची, सभ्यपणे बोलायची, जागच्या जागी सुचलेले विनोद करायची. आता तसे सुसंस्कृत तारे उरले नाहीत आणि तसा निर्मळ टीव्हीही उरला नाही, असा तो दावा. २०२१च्या अखेरच्या दिवशी बेटी व्हाइट गेल्या, २०२४च्या ऑगस्टमध्ये 'हॉलिवूड स्क्वेअर्स'चे सूत्रसंचालक पीटर मार्शल गेले, तेव्हा श्रद्धांजलीच्या ओघात तो पुन्हा वर आला. यूट्यूबवर जुने कृष्णधवल भाग पाहिलेला विशीतला प्रेक्षकही आता तेच म्हणतो.

हा दावा तपासायला घेतला की टिकत नाही. ते कार्यक्रम टाकाऊ होते म्हणून नव्हे. त्यातले निदान दोन-तीन तरी टेलिव्हिजनवर आजवर झालेल्या उत्तम कार्यक्रमांत मोडतात. पण त्यांचं चांगलेपण ताऱ्यांमध्ये नव्हतं, ताऱ्यांच्या सुसंस्कृतपणात तर नव्हतंच. ज्या माणसांमुळे ते कार्यक्रम बघण्यासारखे झाले, त्यांचा आजच्या स्तुतिपर लेखांत उल्लेखही नसतो. श्रेय भलत्यांच्या पदरात पडलं आहे, आणि त्याचे परिणाम आजच्या टीव्हीवर दिसतात.

'व्हॉट्स माय लाइन?' हा या सगळ्यांतला मुकुटमणी मानला जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी. मार्क गुडसन आणि बिल टॉडमन या निर्मात्यांचा हा कार्यक्रम सीबीएसवर २ फेब्रुवारी १९५० रोजी सुरू झाला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी संपला. बहुतेक काळ तो रविवारी रात्री साडेदहाला लागायचा. खेळ अगदी साधा. एक अनोळखी माणूस आत यायचा, फळ्यावर खडूने आपलं नाव लिहायचा आणि सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली यांच्या शेजारी येऊन बसायचा. त्याचा पोटापाण्याचा उद्योग काय, हे घरच्या प्रेक्षकांना पडद्यावर लिहून दाखवलं जायचं. पॅनेलवरच्या चौघांना मात्र ते ठाऊक नसायचं. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारून त्यांनी ते शोधायचं. 'नाही' आलं की पाळी पुढच्याकडे जायची आणि डेली समोरचं एक कार्ड उलटायचे, म्हणजे पाहुण्याला पाच डॉलर. दहा 'नाही' झाले की पाहुणा जिंकला. सगळी मिळून कमाई पन्नास डॉलर.

पॅनेलवर कोण, तर अभिनेत्री अर्लीन फ्रान्सिस, वृत्तपत्रातल्या स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन, रँडम हाउसचे सहसंस्थापक बेनेट सर्फ, आणि चौथ्या खुर्चीवर आलटून पालटून कुणीतरी. सर्फ हे लहान आसामी नव्हते. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'वरची अमेरिकेतली बंदी कोर्टात लढून उठवणारे ते प्रकाशक. सूत्रसंचालक डेली मूळचे बातमीदार. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निधनाची बातमी अनेक अमेरिकनांनी रेडिओवर त्यांच्याच आवाजात ऐकलेली. अशा वजनदार मंडळींसमोर साधा माणूस बसायचा, आणि त्या काही मिनिटांत अज्ञान असायचं ते वजनदार मंडळींच्या वाट्याला. ज्ञान पाहुण्याकडे. तो शांत बसून 'नाही' म्हणत राहायचा, आणि पुस्तकांचे, नाटकांचे, वर्तमानपत्रांचे हे धनी लोक त्याच्या रोजच्या कामाचा अंदाज बांधता बांधता घामाघूम व्हायचे.

त्या कार्यक्रमाची सगळी गंमत आणि सगळी प्रतिष्ठा इथे आहे. १९६३ साली पांढऱ्या सुटातला एक वयस्क माणूस त्या खुर्चीत बसला होता. केंटकी फ्राइड चिकनचे कर्नल सँडर्स. आज जगातल्या कुठल्याही शहरात पाटीवर दिसणारा तो चेहरा तेव्हा पाहुणा म्हणून खपून गेला. पुढे १९७०च्या दशकातल्या नव्या आवृत्तीत जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर आले, तेव्हा त्यांना ओळखतानाही पॅनेलला झगडावं लागलं. प्रसिद्ध पाहुणा आला की पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या जायच्या, आणि यूट्यूबवर सर्वाधिक फिरतात ते नेमके हेच भाग. साल्व्हादोर दाली जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत सुटले आणि डेलींना मधे पडावं लागलं, तो भाग तर भारतातही पुष्कळांनी पाहिला असेल. तो मजेशीर आहेच. पण प्रत्येक कार्यक्रमात असा पाहुणा एखादाच. बाकीचा वेळ ज्यांचा, त्या माणसांच्या चित्रफिती कुणी एकमेकांना पाठवत नाही.

प्रसिद्ध माणसं बाजूला सारली की या प्रकारात काय उरतं, याचं सर्वांत चांगलं उदाहरण 'आय हॅव गॉट अ सीक्रेट'च्या फेब्रुवारी १९५६मधल्या एका भागात आहे. पाहुणे होते सॅम्युएल सीमोर, वय पंच्याण्णव. हॉटेलात पडल्यामुळे एका डोळ्यावर सूज आलेली. एवढं लागल्यावर त्यांनी येऊ नये असं कार्यक्रमाच्या मंडळींना वाटत होतं, निर्णय त्यांच्यावर सोडला होता, हे सूत्रसंचालक गॅरी मूर यांनी आधीच प्रेक्षकांना सांगितलं. म्हातारबुवा आले. त्यांचं गुपित पडद्यावर उमटलं: १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा ते तिथे हजर होते. तेव्हा त्यांचं वय पाच वर्षांचं. पॅनेलवरच्या बिल कलन आणि जेन मेडोज यांनी प्रश्न विचारत विचारत ते शोधून काढलं. अध्यक्षांना गोळी लागली हे त्या पाच वर्षांच्या पोराला उमगलंच नव्हतं. वरून उडी मारून पडलेल्या माणसाची, म्हणजे मारेकरी बूथचीच, त्याला काळजी वाटली होती.

कार्यक्रमाचा पुरस्कर्ता होता विन्स्टन सिगारेट. रीत म्हणून पाहुण्याला सिगारेटची पाकिटं मिळायची. सीमोर पाइप ओढणारे, म्हणून त्यांना पाइपची तंबाखू दिली गेली, आणि बक्षिसाचे ऐंशी डॉलर. दोन महिन्यांनी, १२ एप्रिल १९५६ रोजी ते वारले. लिंकन यांच्या हत्येचा अखेरचा हयात साक्षीदार टेलिव्हिजनवर दिसला आणि आजही दिसतो, तो एका गेम शोमुळे. त्या काही मिनिटांत पॅनेलचं कर्तव्य एकच होतं, नीट विचारणं आणि मग गप्प राहणं. ते त्यांनी पार पाडलं, याबद्दल त्यांना दाद द्यावी. पण त्या भागाचं मोल त्यांच्यामुळे नाही.

आता उत्स्फूर्ततेचा मुद्दा. 'हॉलिवूड स्क्वेअर्स' हा एनबीसीवर १९६६ ते १९८० चाललेला कार्यक्रम म्हणजे फुल्ली-गोळ्याचा खेळ. नऊ चौकटींत नऊ कलाकार, मधल्या चौकटीत पॉल लिंड. मार्शल प्रश्न विचारणार, कलाकार उत्तर देणार, ते खरं की खोटं हे स्पर्धकाने ओळखायचं. लिंड यांचं प्रत्येक पहिलं उत्तर म्हणजे फटाका, आणि खरं उत्तर त्यानंतर. जुन्या काळची हजरजबाबी वृत्ती म्हणून आज जे विनोद पुन्हापुन्हा सांगितले जातात, त्यांतले बहुसंख्य याच चौकटीतून आलेले. ते लेखकांनी आधी लिहून दिलेले असत. कलाकारांशी प्रश्नांच्या विषयांची आणि थापेच्या उत्तरांची आधी चर्चा केली जाते, हे कार्यक्रमाच्या शेवटी उघडपणे जाहीरही केलं जाई. यात फसवणूक काहीच नव्हती. लिंड यांची शब्दफेक अचूक होती आणि लेखकांचं काम अव्वल होतं. पण मग दाद लेखकांना द्या. सुचलेलं आणि लिहून दिलेलं यांतला फरक पुसून टाकला, की आजच्या कलाकाराला 'तुम्हाला आता तसं सुचत नाही' असा टोमणा मारता येतो, आणि तो टोमणा निराधार असतो.

'व्हॉट्स माय लाइन?'ही यातून सुटत नाही. त्या कार्यक्रमाचे कार्यकारी निर्माते गिल फेट्स यांनी पुढे पुस्तक लिहून आतल्या गोष्टी सांगितल्या. हशा पिकेल अशा प्रश्नांचं सूत पॅनेलवरच्या एखाद्याला आधी दिलं जाई, ही त्यातलीच एक. पाहुण्याचा धंदा प्रेक्षकांना ठाऊक, विचारणाऱ्याला नाही. त्यामुळे निरागस प्रश्नाला चावट अर्थ चिकटायचा आणि सभागृह खदखदायचं.

म्हणजे निर्मळपणाचाही हिशेब लागला. सुरुवातीच्या वर्षांत संध्याकाळच्या पोशाखातली ती मंडळी ज्या टेबलामागे बसत, त्यावर स्टॉपेट या घामाच्या वासावरच्या फवाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत असे. 'मॅच गेम'ची कथा तर आणखी बोलकी आहे. १९६२ साली एनबीसीवर सुरू झालेला तो खेळ आधी सोवळा होता आणि बंद पडण्याच्या बेतात आला. 'मॅड' मासिकाचे डिक डीबार्टोलो यांनी खेळणाऱ्यांनी भरायच्या द्व्यर्थी गाळलेल्या जागा लिहायला सुरुवात केली, आणि तो १९६९पर्यंत तगला. १९७३ साली सीबीएसवर तो परतला तेव्हा द्व्यर्थ हेच त्याचं भांडवल झालं. जीन रेबर्न यांच्या हातातला तो लांबलचक बारीक मायक्रोफोन, ब्रेट सोमर्स आणि चार्ल्स नेल्सन रायली यांची नोकझोक, मूर्ख बाईवरचे ठराविक प्रश्न. एका दिवसात अनेक भागांचं चित्रीकरण व्हायचं, मधल्या जेवणात मद्य असायचं आणि नंतरच्या भागांत ते जाणवायचं, हे सहभागी मंडळींनीच सांगितलेलं आहे. तो धमाल कार्यक्रम होता. कलाकार आपली उत्तरं स्वतः लिहायचे, त्यामुळे या सगळ्यांत खरी उत्स्फूर्तता कुठे असेल तर इथेच. पण ज्यांना 'कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगा स्वच्छ टीव्ही' हवा आहे, त्यांनी हे उदाहरण पुढे करू नये. स्त्रियांच्या अंगावर आणि अकलेवर केलेले ते विनोद त्या काळच्या स्पर्धक बायकांना हसत हसत पचवावे लागले.

सुसंस्कृतपणाचा दावा सर्वांत जास्त खटकतो तो लुई अंटरमायर यांच्यामुळे. 'व्हॉट्स माय लाइन?'च्या पहिल्या वर्षी पॅनेलवर हे कवी आणि काव्यसंग्रहांचे संपादक होते. ज्या जुन्या काळात कवीलाही टीव्हीवर मान होता असं सांगितलं जातं, तो हाच काळ आणि हाच कवी. डाव्या विचारांचा शिक्का त्यांच्यावर बसला, पुरस्कर्त्यावर दबाव आला आणि १९५१ साली त्यांची खुर्ची गेली. त्या जागी आले बेनेट सर्फ. अंटरमायर यांनी त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ घराबाहेर पाऊल टाकलं नाही, असं त्यांचे स्नेही नाटककार आर्थर मिलर यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. कार्यक्रम पुढच्या आठवड्यात नेहमीच्या वेळी, नेहमीच्या शिष्टाचाराने चालूच राहिला. निर्माते गुडसन यांनी १९९१ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिक पुरवणीत डावेपणाच्या संशयावरून कलाकारांना काळ्या यादीत टाकण्याच्या त्या दिवसांवर लेख लिहिला आणि आपण आधीच ठाम उभं राहायला हवं होतं, हे मान्य केलं. स्वतः निर्मात्याने चाळीस वर्षांनी जे बोलून दाखवलं, ते त्याच्या चाहत्यांनी विसरण्याचं काही कारण नाही.

आणि सतरा वर्षांत त्या पॅनेलच्या कायम खुर्च्यांवर एकही कृष्णवर्णीय चेहरा नव्हता. जॅकी रॉबिन्सन, लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन पाहुणे म्हणून आले, टाळ्या घेऊन गेले.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: तेव्हा कुणी कुणाच्या खासगी आयुष्यात डोकावत नव्हतं, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, लिंड किंवा रायली समलिंगी आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाची हरकत नव्हती. हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते रायली यांनीच खोडलेलं आहे. तारुण्यात एका नेटवर्कच्या अधिकाऱ्याने त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुझ्यासारख्या समलिंगी माणसांना टीव्हीवर घेत नाहीत. उतारवयात आपल्या एकपात्री प्रयोगात त्यांनी ती भेट सांगितली. ज्या माणसाला दार बंद असल्याचं सांगितलं गेलं, त्याला १९६२ साली ब्रॉडवेवरच्या कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला आणि पुढे दशकभरात तो दुपारच्या टीव्हीवरचा सर्वांत लाडका चेहरा झाला. हा विजय रायली यांचा आहे. काळाचा उदारपणा म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या खात्यावर जमा करता येणार नाही. लिंड यांना तर आपल्याबद्दल उघडपणे एक वाक्यही बोलता आलं नाही. ते सगळं विनोदाच्या आडोशाने सूचित करावं लागलं, आणि आपण आज त्या आडोशालाच त्या काळचा मोकळेपणा म्हणतो.

मग त्या कार्यक्रमांत टिकाऊ काय होतं? पन्नास डॉलर. हे गंभीरपणे म्हणायला हवं. १९५५च्या जूनमध्ये सीबीएसवरच 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' आला आणि पाठोपाठ एनबीसीवर 'ट्वेन्टी-वन'. चौसष्ट हजार डॉलर ही तेव्हा डोळे फिरवणारी रक्कम. रक्कम मोठी झाली तसा प्रेक्षकांना धरून ठेवण्याचा मोह मोठा झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकवणारा देखणा, सुशील चार्ल्स व्हॅन डोरेन 'ट्वेन्टी-वन'वर सव्वा लाखाहून जास्त डॉलर जिंकला, आणि २ नोव्हेंबर १९५९ रोजी त्याने काँग्रेसच्या उपसमितीसमोर कबूल केलं की उत्तरं त्याला आधी पुरवली जात होती. १९६० साली कायदा बदलून असल्या बनावट स्पर्धा गुन्हा ठरवल्या गेल्या.

व्हॅन डोरेनही त्याच 'सुसंस्कृत' काळातला, त्याच शहरातला, त्याच वर्तुळातला माणूस. तेव्हा लोक प्रामाणिक होते म्हणून 'व्हॉट्स माय लाइन?' वाचला असं म्हणता येत नाही. पैसा क्षुल्लक होता म्हणून तो वाचला. पाहुण्याला हरण्याची भीती नव्हती, निर्मात्याला निकाल ठरवण्याची गरज नव्हती. वेळ संपत आली की डेली उरलेली सगळी कार्डं उलटून पूर्ण रक्कम देऊन टाकायचे. तिथे जिंकण्या-हरण्यापेक्षा समोरच्या माणसाबद्दलचं कुतूहल मोठं होतं, आणि ही रचना कुठल्याही काळात, कुठल्याही माणसांना घेऊन उभी करता येते. त्यासाठी सुवर्णयुगाची गरज नाही.

या स्मरणरंजनात आणखी एक खोट आहे, ती सामग्रीचीच. आपण जे पाहतो ते उरलेलं आहे. व्हिडिओ टेप महाग होती, म्हणून ती पुसून पुन्हा वापरली जायची. १९६०च्या दशकातल्या 'मॅच गेम'चे हजाराहून अधिक भाग झाले. आज जेमतेम डझनभर सापडतात. 'व्हॉट्स माय लाइन?'चे सुरुवातीच्या दोन वर्षांतले बहुतेक भागही नष्ट झाले, म्हणजे अंटरमायर ज्या काळात पॅनेलवर होते नेमका तो काळ. त्यानंतरचे भाग जपले गेले म्हणून सर्फ आठवतात. जे उरलं त्यातूनही सर्वांत चमकदार चार मिनिटं कापून काढायची आणि त्यांची तुलना आजच्या टीव्हीच्या अख्ख्या आठवड्याशी करायची, हा न्याय झाला नाही.

या चुकीच्या हळहळीची किंमत पुनर्निर्मितींमध्ये चुकवली गेली. एबीसीने २०१६ साली 'मॅच गेम' अॅलेक बाल्डविन यांना घेऊन आणि 'टू टेल द ट्रुथ' अँथनी अँडरसन यांना घेऊन परत आणले. सीबीएसने २०२५च्या जानेवारीत 'हॉलिवूड स्क्वेअर्स' आणला, मधल्या चौकटीत ड्र्यू बॅरिमोर. लोकांना जुने तारे हवेहवेसे वाटतात, तर नवे तारे बसवा, असा हा सरळ हिशेब. 'मॅच गेम'च्या त्या नव्या सेटवरही सत्तरच्या दशकाचा रंग होता. पण या सगळ्यांतला जो सर्वांत थोर, ज्यात साध्या माणसाचं काम हाच विषय होता, तो 'व्हॉट्स माय लाइन?' मात्र कुठल्याही मोठ्या अमेरिकन नेटवर्कने पुन्हा उभा केलेला नाही. स्तुती सगळ्यांत जास्त त्याची, आणि परत आणायची वेळ आली की पहिली निवड दुसऱ्यांची.

आज कुणाला अनोळखी माणसाच्या धंद्यात रस आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो आक्षेप ब्रिटिश टीव्हीने केव्हाच निकालात काढला आहे. 'अँटीक्स रोडशो' बीबीसीवर १९७९पासून चालू आहे. त्यात माणूस घरातली एक वस्तू घेऊन येतो आणि तिची गोष्ट सांगतो. 'द रिपेअर शॉप' २०१७ साली सुरू झाला. मोडलेलं घड्याळ, फाटलेलं खेळण्यातलं अस्वल, आणि ते दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे हात एवढ्यावर तो उभा आहे. 'वुड आय लाय टू यू?' हा २००७पासूनचा पॅनेल कार्यक्रम विनोदी कलाकारांचाच, पण त्यातही एक फेरी अशी आहे की एक अनोळखी व्यक्ती मधे येऊन उभी राहते आणि तिचं पॅनेलवरच्या कुणाशी काय नातं आहे, हे ओळखावं लागतं. शेवटी ती व्यक्ती बोलते तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे लागतं. प्रेक्षक आहे, कुतूहल आहे, खर्च तर मोठ्या बक्षिसांच्या कार्यक्रमांपेक्षा कितीतरी कमी. अमेरिकन नेटवर्कांना ज्या खुर्चीसाठी माणूस शोधायचा आहे, ती पॅनेलवरची नव्हे, डेलींच्या शेजारची.